निर्माल्याचा चहा

सून परवा बाजारातून एक पाकीट घेऊन आली. वर जास्वंदीचं भलंमोठं फूल छापलेलं, लालभडक, पाकळीवर दवाचा थेंबसुद्धा काढलेला. मी उघडून हातावर घेतलं तर आत जास्वंद औषधालाही नाही. होती ती लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं. आमच्याकडे शेताच्या कडेनं अंबाडी लावायचे. पाल्याची भाजी, काडीचा दोराला वाख आणि बोंडांची आंबट चटणी. जास्वंद आणि अंबाडी एकाच कुळातल्या. फुलं शेजारी ठेवली तर बहिणी आहेत हे कोणीही सांगेल. पण म्हणून एकीच्या नावावर दुसरी खपवायची, याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात. मी तसं सुनेला सांगितलं. ती म्हणाली, आई, चहा याच बोंडांचा करतात जगभर, आणि यात अँटिऑक्सिडंट असतात. म्हणजे काय, तर आपल्या शरीरातल्या पेशी गंजत नाहीत. मी काय बादली आहे का गंजायला, असं मी म्हटलं आणि पाकीट फडताळात सारलं.

ती बिचारी समजावत राहिली. तो लाल रंग आहे ना, त्यातच सगळा गुण आहे. म्हणून बोंडं सावलीत वाळवायची, कडक उन्हात घातली की रंगही उडतो आणि गुणही. खळाखळा उकळायचं नाही, वरून गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. मी ऐकून घेतलं. खरं तर मला तिथून उठायचं होतं, कारण तिने तरीही एक कप करून समोर ठेवला होता आणि त्याचा आंबूस, ओलसर वास येत होता. मला त्या वासाची किळस आहे. आवडत नाही असं नव्हे, किळस. पन्नास वर्षं झाली तरी ती गेलेली नाही.

माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणते, गुडघे दाखवायला सध्या नगरला सावेडीत आमच्याकडे आलेली आहे. तिने मात्र तो कप हातात घेतला, फुंकर घातली आणि पिऊन टाकला. मग तिच्या त्या बसलेल्या, खरखरीत आवाजात दुसरा मागितला. तिचा आवाज असा का झाला हे आमच्या घरात कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे. मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि हे लिहितानाही हात पुढे सरकत नाही.

आमचं गाव मिरजगावहून पायी तासाभरावर. घराला लागून गणपतीचं देऊळ, देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर पत्रा. मूर्तीला नाकडोळे असे नव्हतेच. वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर थापून थापून ती एक मोठी शेंदरी गाठ झाली होती. दर चतुर्थीला नवा थर. थर ओला असतानाच लोक त्यावर जास्वंद चिकटवायचे. देवळामागे जास्वंदीची तीन मोठी झाडं होती आणि अभिषेकाचं पाणी पन्हळीतून त्यांच्याच बुडाशी जायचं, त्यामुळे फुलांना तोटा नव्हता. पूजा गुरव करायचा. देवळाची झाडलोट आईने नवसाने घेतलेली होती. मूर्तीवरून उतरवलेली फुलं, दूर्वा, हार, सगळं निर्माल्य टोपलीत भरून सीना नदीला नेऊन सोडायचं हे तिचं काम. ते पायाखाली यायला नको आणि उकिरड्यावर तर नकोच नको.

बहात्तर साली नदी आटली. विहिरींचे तळ दिसायला लागले. शेत पेरलं नव्हतंच, पेरलं असतं तरी उगवलं नसतं. आई, वडील आणि आक्का खडी फोडायला रोजगार हमीसारख्या सरकारी कामावर जायची. त्याला सगळे दुष्काळी काम म्हणायचे. मी धाकटी, पंधरा वर्षांची, घरी राहून लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी थापायचे. त्या भाकरीचीही मला किळस होती, पण ती सगळ्या गावालाच होती, त्यात माझं कौतुक काही नाही.

आता निर्माल्य सोडायचं कुठे? वाहतं पाणी नाही. लोक देवाला मात्र विसरले नव्हते. प्यायला हंडाभर मिळत असलं तरी त्यातलं पळीभर देवाच्या डोक्यावर पडायचंच, आणि तेवढ्यावर ती तीन झाडं हट्टाने फुलत होती. आईने निर्माल्य पोत्यात भरायला सुरुवात केली. पाऊस पडला, नदीला पाणी आलं की एकदम सोडू, असा तिचा हिशोब. एक पोतं भरलं, दुसरं भरलं, तिसरं आमच्या पडवीत खुंटीला टांगलं. ती पोती मी रोज बघायचे आणि रोज अंगावर काटा यायचा. वरची फुलं वाळून कागदासारखी झालेली, खालची तेलामुळे एकमेकांना चिकटलेली. त्यात मुंग्या अडकून मेलेल्या, कोणाच्या तरी डोक्याचे केस, उदबत्तीची राख, देठांवर पांढऱ्या कापसासारखी कीड. आणि त्या सगळ्यावर खवट तेलाचा वास. पडवीत बसून जेवायचं म्हटलं की मी ताट उचलून आत चुलीपाशी जायचे. घरात मला सगळे नाकमुरडी म्हणायचे. वडील म्हणायचे, हिला सोन्याच्या ताटात वाढलं तरी ही ताट हुंगून बघेल.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला कशाचीच किळस नव्हती. गुरांचं शेण, शेजारणीच्या पोराचं ढुंगण, काही असो, पदर खोचून ती करून मोकळी व्हायची. आणि ती गायची. जात्यावर बसली की शेजारचे लोक बोलणं थांबवायचे. चतुर्थीला देवळात ती आरतीनंतर एकटी म्हणायची, तेव्हा खडी फोडून हात सोललेली माणसंसुद्धा उठून जायची नाहीत. मी कौतुकाने सांगत नाही. माझा स्वभाव कौतुकाचा नाही, हे माझी सून सांगेल. आक्काचा आवाज वरच्या सुरात गेला की तो कुठे फाटायचा नाही, तापायचा नाही, नुसता वर जाऊन थांबायचा. तसा आवाज मी नंतर ऐकला नाही.

शाळेतल्या गुरुजींनी पुण्याच्या रेडिओला पत्र घातलं. दिवाळीच्या आधी उत्तर आलं की लोकगीतं म्हणणाऱ्यांची आवाजाची परीक्षा आहे, संक्रांतीनंतर मुलीला घेऊन या. आमच्या घरात त्या वर्षी दुसरी चांगली बातमी नव्हती. वडिलांनी ते पत्र देवघरात ठेवलं. आई कामावर बायकांना सांगायची की माझी पोर पुण्याहून बोलंल आन् तुमी हितं ऐकशीला. आक्काचं लग्न एकदोन ठिकाणी बोलायला आलं होतं, ते वडिलांनी परीक्षा होईपर्यंत थांबवलं. ती मला म्हणाली होती, रेडिओवर गायला लागले तर आपल्याला खडी फोडावी लागणार न्हाई. तिच्या त्या आवाजावर सगळ्यांनी केवढं काय टांगून ठेवलं होतं.

आता खडीच्या कामावर धूळ किती. दगडाची बारीक पूड नाकातोंडात जायची, आणि आक्काचा घसा दुखायला लागला. त्याच वेळी पाथर्डीहून आत्या आमच्याकडे आली. तिच्या घरचे दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्या वर्षी ऊसच बेताचा होता. तिने सांगितलं की तोडीवर घसा धरला की त्या लाल अंबाडीची बोंडं उकळून पितात. आंबट, लालभडक पाणी, गूळ घालून. घसाही मोकळा होतो आणि चहाची तल्लफही भागते. चहापत्ती आणि गूळ दोन्ही आमच्याकडे मोजूनच होते, त्यामुळे आईचे कान टवकारले. पण अंबाडी आणायची कुठून? त्या साली बांधावर काडीसुद्धा नव्हती.

आईची नजर पडवीतल्या पोत्यांकडे गेली. मला तो क्षण अजून दिसतो. ती म्हणाली, जास्वंद त्याच जातीची, पुन्हा देवाच्या अंगावरची, आणि देवाला नदीत जायला पाणी नाही तर देवानेच ही वाट दाखवली असेल. आत्याने मान डोलवली. निर्माल्य टाकायचं पापही टळलं आणि लेकीचा घसाही राखला जाणार. मी नाक दाबून बसले होते.

आई अडाणी नव्हती. शेंदूर पोटात गेला की गळा बसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गाणाऱ्याचं वाईट करायचं तर लोक त्याला विड्यातून शेंदूर चारतात, अशा गोष्टी आम्ही ऐकतच वाढलो. म्हणून तिने मला समोर बसवून बजावलं.

"येकयेक फूल हातात घ्यायचं. शेंदराचं डाग दिसलं की ते बाजूला. दिसलं न्हाई तरी फडक्यानं पुसायचं. आक्काचा गळा हाय तो, ध्यानात ठिव."

मी हो म्हटलं. दोन दिवस केलंही. सकाळी सगळे कामावर गेले की पोतं सोडायचं, सुपात फुलं ओतायची, उजेडाकडे धरून बघायची. बोटं तेलाने चिकट व्हायची. पाकळी पुसताना तुटायची आणि आतून एखादा किडा निघायचा. वाळलेली जास्वंद पाण्यात पडली की बुळबुळीत होते, शेंबडासारखी तार धरते. तेच घशाला चांगलं म्हणायचे. मी ते भांडं ढवळताना दुसरीकडे बघायचे. उकळलं की रंग मळकट जांभळा यायचा, चिंचेचं बोटूक पिळलं की लाल व्हायचा. फडक्यातून गाळून, गुळाचा खडा टाकून ठेवायचं आणि आक्का दुपारी भाकरीला आली की द्यायचं. ती उभ्या उभ्या प्यायची.

तिसऱ्या दिवशी मी पोत्यात हात घातला आणि हाताला काहीतरी कडक, खवलेदार लागलं. बाहेर काढलं तर मेलेली पाल. वाळून चपटी झालेली, पोटाला शेंदूर आणि पाठीला जास्वंदीची पाकळी चिकटलेली. मी ती फेकून दिली, मोरीवर गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. हात राखेने घासले, पुन्हा घासले. त्या दिवसापासून मी पोत्यात हात घातला नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्यायचं, पोतं तिरपं करायचं, ओगराळ्यात येईल ते भांड्यात टाकायचं. निवडणं नाही, पुसणं नाही. उकळलं की सगळं स्वच्छ होतं, अशी मी माझी समजूत घातली. समजूत घातली हे खोटं. मला तेव्हाही माहीत होतं की शेंदूर उकळून जात नाही.

कारण गाळायचं फडकं शेंदरी व्हायला लागलं. सुरुवातीला कडेला, मग मधोमध. आई यायच्या आत मी ते धुऊन वाळत घालायचे. आणि कपाच्या तळाशी जो शेंदरी गाळ उरायचा, तो मी पाणी घालून खळबळून टाकायचे. म्हणजे मला काही दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं. दोन महिने, रोज. रोज सकाळी वाटायचं, आज निवडावं. मग पोत्याचं तोंड सोडलं की तो वास यायचा, ती पाल डोळ्यांसमोर यायची आणि मी ओगराळं उचलायचे.

मी आक्काचा हेवा करत होते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नव्हते करत. हेवा असता तर बरं झालं असतं, त्याला निदान माणूसपण तरी आहे. मला नुसती घाण वाटत होती. एवढ्याशा गोष्टीसाठी.

मार्गशीर्षात आक्काचं पोट दुखायला लागलं. कळ आली की ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. तोंड उतरलं, नखं पांढरी पडली. सगळे म्हणाले, मिलोची भाकरी बाधली, गावात निम्म्यांची पोटं दुखतायत. मग आवाज जड झाला. जात्यावर बसली तर वरच्या सुराला जाताना मध्येच खोकला यायचा. आई घाबरली आणि तिने काय केलं, तर काढा दोन वेळचा केला. सकाळचा कामावर जाताना आणि दुपारचा. मी दोन वेळा ओगराळं भरायला लागले. आज हे लिहिताना मला माझ्या हाताची शिसारी येते.

संक्रांतीनंतर गुरुजी, वडील आणि आक्का एसटीने पुण्याला गेले. आक्काने आईचं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी सोबत नव्हते, जे कळलं ते गुरुजींकडून. तिने पहिली ओळ बरी म्हटली. दुसऱ्या ओळीला सूर चढवला तेव्हा नुसती हवा बाहेर आली. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, थांबा म्हणाले, सावकाश म्हणा म्हणाले. तिने पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तिथेच तुटलं. तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं. साहेब भले होते, पुढच्या वर्षी या म्हणाले. परत येताना ती नगर येईपर्यंत खिडकीशी बसून होती.

घरी आली तेव्हा मी चुलीपुढे होते. तिने लुगडं बदललं, घडी घातली, आईच्या पेटीत ठेवली आणि मला विचारलं की भाकरी झाल्यात का. मी रडायला लागले. ती म्हणाली, तुला काय झालं गं. मी तोंड खाली घालून पुढची भाकरी थापत राहिले.

वडिलांनी हार मानली नाही. आठ दिवसांनी त्यांनी आईबरोबर तिला नगरला डॉक्टरांकडे पाठवलं. या वेळी मीही गेले, कारण आईला शहरात एकटीला भीती वाटायची आणि मला पाट्या वाचता यायच्या. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट दाबून बघितलं, पापणी खाली ओढून बघितली, हिरड्या बघितल्या. मग त्यांनी विचारलं की काय काय खाण्यात आलं. आईने मिलो सांगितला, कामावर मिळणारी सुकडी सांगितली, आणि जरा अभिमानाने काढाही सांगितला. देवाच्या जास्वंदीचा. डॉक्टर थांबले. त्यांनी विचारलं, देवाला शेंदूर असतो का, तो फुलांना लागलेला होता का.

आई म्हणाली, "न्हाई साहेब. माज्या धाकलीनं येकयेक फूल पुसून घेतलंय. ती लई नेटकी हाय, तिला जरा घान खपत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आक्का तपासायच्या टेबलावर बसली होती, तिनेही बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काही औषध असेल. कदाचित नुसतं कारण कळलं असतं. मी मान हलवली. हो, पुसून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, मग खडीची धूळ असेल, ते काम बंद करा, घशाला आराम द्या. त्यांची काही चूक नव्हती. शेंदरात शिसं असतं हे मी पुढे वाचलं; त्यांनी बरोबर तेच विचारलं होतं.

घरी आल्यावर मी ती उरलेली पोती ओढत ओढत कोरड्या नदीत नेली आणि वाळूत खड्डा करून पुरली. पाणी नसलं तरी नदी ती नदीच, असं आईला सांगितलं. आईला ते पटलं. आक्काची पोटदुखी हळूहळू थांबली. आवाज आला नाही. बोलण्यापुरता आला, गाण्याचा आला नाही. पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा पत्र घालायचं काढलं तेव्हा तिनेच नको म्हटलं. आत्याच्या नात्यातल्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि पाथर्डीला गेल्यावर तीही वर्षातले पाच महिने कोयता घेऊन ऊसतोडीला जायला लागली. खडीतून सुटली ती उसात. मी शिकले, नोकरी केली, सावेडीत घर झालं. आमच्या दोघींत माझं चांगलं झालं असं सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकताना दरवेळी उठून जावंसं वाटतं.

तर परवा आक्काने दुसरा कप घेतला. सून चहाचे गुण सांगत होती, रक्तदाब, त्वचा, कसलं कसलं. आक्का सगळ्याला हूं म्हणत होती. सून ऑफिसला गेल्यावर ती कपात बघत म्हणाली, "ह्यो बरा हाय. जिभंला तेल लागत न्हाई."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी विचारलं, तेल म्हणजे काय म्हणतेस.

"आपल्या काढ्याला नुसतं तेल लागायचं. तवाच कळलं मला, तू फुलं निवडत न्हाईस. देवाचं तेल हाय, त्येनं काय हुतंय म्हटलं. आईला सांगितलं आसतं तर तुला मार बसला आसता."

"आणि डॉक्टरांनी शेंदराचं विचारलं तेव्हा?"

तिने हातातला कप गोल फिरवला आणि म्हणाली, "तवा समजलं की. पर तू भित्तीला टेकून आशी उभी हुतीस, आता पडती का मग पडती. आईनं तुला जित्ती सोडली नसती. माजा गळा तर गेलाच हुता."

एवढं बोलून तिने उरलेला घोट घेतला आणि गुडघे चोळायला लागली. पन्नास वर्षं मी एकटीच लपवते आहे असं मला वाटत होतं. ती माझ्यासाठी लपवत होती. मी माफी मागितली असती तर तिने ती अर्ध्यात तोडली असती. ती तशीच आहे.

आज सकाळी सून म्हणाली, आई, हे काय करताय, ती बोंडं कंपनीत स्वच्छ करूनच पाकिटात भरतात. असेल, म्हटलं. मी खिडकीपाशी सूप घेऊन बसले होते. पाकीट सगळं सुपात ओतलं होतं. एकेक बोंड उजेडाकडे धरायचं, पाकळीच्या आत बघायचं, फडक्याने पुसायचं आणि बरणीत टाकायचं. बोटं लाल झाली होती आणि तो आंबूस वास थेट नाकात जात होता. 

आक्का पलंगावरून बघत होती. तिने विचारलं, "आता किळस न्हाई येत?"

येते, मी म्हटलं, आणि पुढचं बोंड उचललं.